मंजूर वाकळ नामंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालकसाहेब,
संगमतीर सहकारी दूध उत्पादक संघ मर्यादित,
मुख्य कार्यालय, सातारा.

विषय : संगणक कक्षातील सर्व्हर यंत्रावर माझ्याच अर्जावरून घातलेली वाकळ काढण्याबाबत व कु. अपूर्वा लिमये यांच्यावरील कारवाई थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १५/२/१९९९ (मंजूर). २) माझी तक्रार दि. ९/४/१९९९. ३) आपला आदेश दि. १२/४/१९९९.

महोदय,

साहेब, खुर्ची जरा पुढे ओढून जवळ बसावे, एक आख्यान सांगतो. टाळ नाही, मृदंग नाही, पण अक्षर न् अक्षर खरे आहे. सोमवारी दि. १० रोजी अपूर्वाताईंची चौकशी आहे. त्याआधी हे आपल्या कानावर पडले नाही, तर माझ्या हाताने एका लेकीची नोकरी जाईल.

१) मी खाली सही करणार, संघाच्या कोरेगाव शीतकरण केंद्रावर एकवीस वर्षे परिचर होतो. टाकीतल्या दुधाचे तापमान दर तासाला वहीत लिहिणे हे माझे काम. दूध चार अंशांच्या वर कधी चढू दिले नाही. गेल्या वर्षी मुख्य कार्यालयात सर्व्हर आला, म्हणजे गावोगावच्या संस्थांची दुधाची नोंद आणि टँकरच्या गेटपावत्या ज्यात साठतात तो मोठा संगणक. त्याच्या पोटात प्रोसेसर नावाचा भाग असतो, तो तापतो, त्याच्यावरही तासातासाला नजर ठेवायची असे ठरले. तापमान लिहायची सवय असलेला माणूस म्हणून मला साताऱ्यास आणण्यात आले.

२) सदर यंत्र कु. अपूर्वा लिमये सांभाळतात. सांगलीच्या आहेत, इथे एकट्या खोली घेऊन राहतात, नेमणूक कराराची आहे. मी चौथी शिकलेला. त्यांनी माझे बोट धरून कळ दाबायला शिकवले. म्हणाल्या, "काका, हा आकडा पन्नासच्या आत असला की यंत्र सुखात. सत्तरला ते ओरडेल. पंच्याहत्तरला आपलं आपण बंद पडेल." मी रोज वहीच्या माथ्यावर 'श्री' लिहून आकडे मांडत गेलो. जानेवारीभर सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. त्या पलीकडे नाही.

३) आता माझा अपराध. शीतकरण केंद्रावर आम्ही दुधाच्या कॅनवर गोणपाट टाकतो, बर्फाची लादी भुशात गुंडाळतो. झाकले की गारवा टिकतो, हे एकवीस वर्षांचे ज्ञान. यंत्राची खोली तर वातानुकूलित. मला वाटले, एवढा गारवा उघड्यावर वाया जातो आहे. म्हणून माझी पत्नी सौ. अंबूबाई हिने जुन्या लुगड्यांची पाच पदरी वाकळ शिवली आणि ती यंत्रावर घालण्याचा अर्ज मी दि. १५ फेब्रुवारीस केला. माझ्या सेवेत एवढ्या लवकर काही मंजूर झालेले नाही. तिसऱ्या दिवशी आपली सही आली, वर शेरा : "धुळीपासूनही संरक्षण होईल. स्तुत्य." तो शेरा मी अंबूबाईला तीनदा वाचून दाखवला.

४) दि. १८ फेब्रुवारीस वाकळ घातली. संध्याकाळी आकडा अठ्ठावन्न. आठवड्याने चौसष्ट. मी म्हणालो, ऊन वाढले. साहेब, आकडा चढला म्हणून मी वाकळ दुहेरी केली. दि. ५ मार्चला यंत्र पहिल्यांदा बंद पडले. तेव्हापासून सात वेळा पडले. गेटपावत्या अडल्या, आटपाडीचा टँकर अंगणात अडीच तास उभा राहून दूध नासले आणि त्याचा ठपका अपूर्वाताईंवर आला.

५) दि. ९ एप्रिलला अपूर्वाताईंनी वाकळ ओढून काढली. म्हणाल्या, "काका, त्याला आत श्वास मिळत नाहीये हो! गारवा बाहेरून येत नाही त्याला, उष्णता आतून येते." मला वाटले, अंबूबाईच्या हाताला हिणवले. त्याच दिवशी तक्रार लिहिली. शब्द माझेच आहेत : "उद्धटपणे ओढून फेकली." फेकली नव्हती, साहेब. घडी घालून खुर्चीवर ठेवली होती. या एका शब्दाने मला जेवण जात नाही. त्यावर आपला आदेश निघाला की वाकळ परत घालावी, लेखी परवानगीशिवाय ती हलवू नये, हलल्यास परिचर जबाबदार. पाठोपाठ त्यांना सेवासमाप्तीची नोटीस.

६) त्यांनी आपले म्हणणे दोनदा लेखी दिले होते. पत्र तांत्रिक म्हणून अभिप्रायासाठी संगणक कक्षाकडे आले. संगणक कक्षात त्या एकट्याच. त्यांनी सहमती लिहिली, तर "अभिप्राय स्वतःच्या बाजूचा आहे" असे म्हणून कागद दप्तरी लावण्यात आला.

७) गेल्या रविवारी आमच्या गावच्या सप्ताहात नाथाजीबुवांचे काल्याचे कीर्तन झाले. बुवांनी रंगवून सांगितले की यशोदामाईने मायेपोटी बाळाला दुपट्यावर दुपटे गुंडाळले. बाळ लाल झाले, रडू लागले. माई म्हणते, दृष्ट लागली, आणि आणखी एक दुपटे घालते. तेव्हा शेजारची गौळण म्हणते, "बाई गं, दृष्ट मागनं काढ, आधी दुपटं काढ!" मांडव हसला. मी मात्र धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडलो. शेजारी बायकांत बसलेल्या अंबूबाईने पाहिले. वाटेने तिला सगळे सांगितले, तर ती उभीच राहिली. "आवं, वाकळ घेतल्यावर तुमास्नी गार वाटतं व्हय? मग त्येला कसं वाटंल? आन् मला ईचारलं असतं तर मी तवाच सांगितलं असतं की. तुमी निस्तं म्हनला, सायबाच्या यंत्राला शिव." पुढे म्हणाली, "माणसाला वाकळ लागती, यंत्राला न्हाई. थंडीत त्या पोरीला द्या."

८) खात्री करण्यासाठी मंगळवारी दि. ४ रोजी आपला आदेश मोडून मी स्वतः वाकळ काढली. एक वाजता बहात्तर, दीड वाजता एकसष्ट, दोन वाजता त्रेपन्न, अडीच वाजता अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस पाहून मी यंत्राला हात जोडले आणि आदेश आहे म्हणून वाकळ परत घातली.

९) त्यानंतर दोन दिवस मेज ते मेज हिंडतो आहे. भांडार लिपिक श्री. मधुकर म्हणाले, "वाकळ जडवस्तू नोंदवहीत २१४ नंबरला चढली आहे. पाच वर्षं तिला मरण नाही, कोंडीबा." आस्थापनेत सांगितले गेले की अर्ज नामंजूर झाला तर अपील करता येते, मंजूर झालेल्या अर्जावर अपील कुणी केलेले नाही, तसा नमुनाच छापलेला नाही. म्हणून नमुन्याविना साध्या कागदावर लिहितो आहे.

तरी माझी हात जोडून विनंती की, माझा मंजूर अर्ज नामंजूर करावा. माझी तक्रार खोटी धरावी. आदेश मोडल्याची आणि नासलेल्या दुधाची जी शिक्षा असेल ती मला द्यावी, परत शीतकरण केंद्रावर धाडले तरी तक्रार नाही. माझे निवृत्तीला तीन वर्षे उरलीत. ताईंचे सगळे पुढे आहे. त्यांनी मला एकदाही उणा शब्द दिला नाही. नोटीस आली त्या दिवशीही विचारले, "काका, चारचा आकडा लिहिलात ना?"

कीर्तन संपले की श्रोता घरी जाताना सगळे विसरतो, एखादे नाव तेवढे ओठांवर राहते. सोमवारी चौकशीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपण एवढेच एक नाव आठवावे : अपूर्वा लिमये, सांगली.

आपला नम्र,
(सही)
कोंडीबा अर्जुना साबळे
परिचर, संगणक कक्ष
सातारा, दि. ६ मे १९९९

सोबत :
१) तापमान वहीची नक्कल, जानेवारी ते आजअखेर.
२) आपल्या "स्तुत्य" शेऱ्याची मूळ प्रत. परत करीत आहे.
३) वाकळ जोडलेली नाही. ती यंत्रावरच आहे. हा अर्ज पुरा करतेवेळी, दुपारी तीन वाजताचा आकडा : त्र्याहत्तर.