जादा कामाच्या तक्रारीनंतर अबोला धरल्याबाबत

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी साहेब,
परभणी.

अर्जदार : बबिता सिद्धोधन वाव्हळे, रा. पिंगळी, जि. परभणी.

विषय : जादा कामाची तक्रार केल्यावर सोबतच्या बायांनी अबोला धरल्याबाबत.
संदर्भ : माझा डिसेंबरमधील तक्रार अर्ज.

मा. साहेब,

मी पिंगळी रस्त्यावरील जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडकी बोंडे, व कचरा वेचण्याचे काम करते. पती हयात नाहीत. मुलगी वालूरला नांदते. घरी मी एकटीच असते.

हंगामात पाळी सुटल्यावर मुकादम गेटला कुलूप घालून आम्हाला बळजबरीने थांबवीत असे. जादा तासांची मजुरी साध्याच दराने मिळे. एके दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या पार्वतीबाईला फोन आला की सुनेला कळा सुरू झाल्या. मुकादम म्हणाला, "बाळंतपण तुमचं हाय का? ढीग संपू द्या." ती पोचली तेव्हा सून एकटीच बाळंत झाली होती. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई मला म्हणाली, "बबिता, तुला लिहिता येतंय. कायतरी कर." म्हणून मी अर्ज केला. सह्या करतो म्हणालेल्या बाया आयत्या वेळी आल्या नाहीत.

आपण येऊन पाहणी केली, त्याबद्दल मी आभारी आहे. कुलूप निघाले. मालकाने मजुरीचा फरक दिला, तो सर्वांनी घेतला. मात्र "दुप्पट पायजे ना, मग बसा घरी," असे म्हणून त्याने आमचे जादा काम बंद केले व संध्याकाळसाठी ठेकेदाराची माणसे आणली. सर्वांची मिळकत घटली. दोष माझ्यावर आला.

तेव्हापासून बाया माझ्याशी बोलत नाहीत. ऑटोत जागा असली तरी भरला म्हणतात, मी पायी जाते. पार्वतीबाईच्या नातीच्या नामकरणाला सर्वांना बोलावणे होते, मला नव्हते. विचारले तर म्हणाली, "तुला कायदा हाय की सोबतीला." पूर्वी थकून घरी आले की डोळा लागे. आता दिवसाउजेडी पोचते व संध्याकाळ सरत नाही. कारखान्यात माझ्याशी फक्त मुकादम बोलतो, तोही कामापुरता. त्याच्या बोलण्याची मी वाट पाहते, हे लिहिताना शरम वाटते.

जादा काम संमतीने व दुप्पट दराने असते, हे आपण मालकास ऑफिसात सांगितल्याचे कळले. तो नियमच आहे, हे बायांना कोणी सांगितले नाही. तरी ज्यांची इच्छा आहे त्यांना तसे काम देण्याबाबत मालकास सांगावे. मी कोणाचे काम बंद करा असे लिहिले नव्हते, हेही माझा पहिला अर्ज वाचून दाखवून त्यांना सांगावे. माझ्या तोंडून त्या ऐकत नाहीत. तक्रार करणाऱ्या कामगाराशी इतरांनी बोलावे, अशी कायद्यात काही तरतूद आहे किंवा कसे, ते कळवावे. नसल्यास माझा राग नाही.

तक्रार मागे घे, असा मला निरोप आला आहे. मी ती मागे घेत नाही. पार्वतीबाईवर आली तशी वेळ दुसरीवर येऊ नये.

आपण जेवणाच्या सुटीत यावे, तेव्हा सर्व बाया एका जागी असतात. गेल्या वेळी आपली भेट झाली नाही, तरी मला ओळखण्यास कोणाला विचारावे लागणार नाही. लिंबाखाली एकटी जेवत असेल ती मी.

आपल्या येण्याची वाट पाहणारी अर्जदार,
बबिता सिद्धोधन वाव्हळे

पिंगळी, दि. ९ फेब्रुवारी २०२६
सोबत : पहिल्या अर्जाची झेरॉक्स