म्हाळसाई फुटबॉल क्लब, वळसंग: मालकीण मी

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून मी फुटबॉल क्लबची मालकीण. कुणाला विचारलं न्हाय. पोरी ज्या माळावर खेळतात तो माळ माझा, सातबाऱ्यावर नाव माझं. मग त्यावर जे पळतं तेबी माझंच की. चौथीपर्यंत शिकलेय. मालकाला तेवढं पुरतं.
नातीच्या, वैष्णवीच्या, मोबाईलवर बघितलं. विलायतेत क्लबाचे मालक वर काचेच्या खोलीत बसतात, खाली बघतात आणि तोंड पाडतात. दुसरं काम काय दिसलं न्हाय. जमण्यासारखं हाय.
क्लबाचं नाव ठरवलं, म्हाळसाई. देवीचं नाव. आता माझंबी म्हाळसाबाई हाय, त्याला मी काय करू.

३ फेब्रुवारी, सकाळी
आमच्या गावच्या पोरी जिल्ह्याच्या फायनलला गेल्यात. वैष्णवी गोल राखती. मॅच १ मार्चला. कुटं, ते ठरायचंय. रामहरी सर, शाळेत पीटी घेतात आणि फुकट पोरींना खेळवतात, ते म्हणाले की जिल्ह्याचे साहेब २० तारखेला माळ बघायला येणार. माळ पास झाला तर मॅच हितंच. न्हाय तर सोलापुरात. आणि सोलापूर म्हटलं की तिघींच्या घरचे पाठवत न्हाईत. तीन गेल्या की आठ उरल्या. आठजणी अकराजणींपुढं काय खेळणार, फुगडी?
वैष्णवी म्हणली, आज्जे, माळ पास व्हायला पायजे, मला दुसरं काय नको. मी म्हणलं, काळजी करू नको, मालकीण बसलीय. ती म्हणली, कशाची?
लहान हाय अजून.

५ फेब्रुवारी
सरांनी साहेबांची यादी वाचून दाखवली. खडे वेचलेले पायजेत. चुन्याच्या रेघा. पोरींना कपडे बदलायला आडोसा. मुतारी. गोलांना जाळ्या. आणि हिरवळ. हिरवळीपाशी सरांचा आवाज खाली आला. आमच्या माळावर हिरवळ म्हणजे दोन गोलांपुढं घोंगड्याएवढे दोन तुकडे. सरांनी चार महिने बादलीनं पाणी घालून जगवलेत. बाकी मुरूम.
निश्चय. एक, हिरवळ मी आणणार. दोन, स्टेडियम बांधणार. तीन, चिडायचं न्हाय, तोंड पाडायचं.
सर मुतारीचं बोलायला लागले. त्यांच्यावर चिडले. तिसरा उद्यापासून.

७ फेब्रुवारी
एस.टी.नं सोलापूर. नवी पेठ. माझा पोरगा जोतीराम तितं शंकरप्पा शेठच्या कापड दुकानात कामाला हाय. मला बघून तो गठ्ठ्यामागं गेला. काम असंल.
शेठला सरळ म्हणलं, स्टेडियममधी पैसा घाला. पत्र्याचं छत, खुर्च्या, मला काचेची खोली. शेठनी चहा सांगितला. म्हणाले, प्रेक्षक किती येतात? मी म्हणलं, साडेतीन हजार. शेठ म्हणाले, आज्जी, ती गावाची वस्ती असंल, मॅचला किती? मी म्हणलं, आमच्यात मेंढरं मोजतात, माणसं न्हाय. लई हसले. बघू म्हणाले. दोनदा म्हणाले. एकदा बघू म्हणणारा टाळतो. दोनदा म्हणणारा पक्का.
निघताना मंडपाचं जुनं कापड दिलं आणि दाराएवढा एक बॅनर. बॅनरवर शेठचाच फोटो, हात जोडलेला. गुंतवणूक चालू झाली.

९ फेब्रुवारी
प्रेक्षकांची सभा घेतली. मालकाकडनं काय मिळणार ते आधीच सांगितलेलं बरं, मागनं बोंब नको. सावली मिळंल, पण अर्धा खेळ. चहा घरून पिऊन यायचा. हरलो तर रडायचं गेटाबाहेर. गेट बांधायचंय. मालकिणीला शिव्या फक्त मधल्या सुट्टीत.
सभेला आण्णा होता. माझ्याच वयाचा, आमच्या आळीतला, कान शाबूत. विचारतो, मुतारी कुटं? मी म्हणलं, एवढा माळ पडलाय, डोळं फुटलं का? म्हणला, यादीत हाय म्हणं. मी म्हणलं, तू यादी वाचायला आलास का फुटबॉल बघायला? म्हणला, म्हाळसाबाई, मी रेशन आणायला निघालो होतो, तू हात केलास म्हणून टेकलो.
सभेचा पाठिंबा मिळाला. एकमतानं.

१० फेब्रुवारी
छत बांधलं. चार वासे, मंडपाचं कापड. खाली जुनी बैलगाडी लावली, त्यावर माझी बाज. काच सोडली तर मालकाची खोली तयार.
दुपारी वारा सुटला. छत शेजारच्या ज्वारीत. उद्या आणू.

११ फेब्रुवारी
छत ज्वारीतनं पुढं गेलंय म्हणं. जाऊ दे. उन्हात हाडं मजबूत हुतात, प्रेक्षकांचीबी.
रेश्मा, आमची पळणारी पोरगी, मामाच्या घरी माढ्याला लग्नाला गेली. मोठे क्लब खेळाडू विकतात. मी रेश्मा माढ्याला दिली असं धरलं. बदल्यात काय घ्यायचं, विचार चालूय. शेळी बरी.

१२ फेब्रुवारी
रेश्मा परत आली. सौदा मोडला.
पण आज देव पावला. माझा भाऊ येडू मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरला. दोनशे डोकी. आमच्या माहेरच्या लोकांचं हे कायमचं. मेंढरं फिरवायची, कुणी बोलावलं की त्याच्या रानात बसवायची. शेतकरी आपण होऊन धान्य देतो, कारण मेंढरं बसून उठली की त्या रानात ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाती. लेंड्यांचा जोर. मग ज्वारी डोक्यावर जाती तर हिरवळ घोट्याला लागायला किती वेळ? एवढ्या शिकलेल्या सरांना हे सुचलं न्हाय.
येडू म्हणला, आक्का, खत बसलं तरी वर पाऊस लागतो की गं. पाऊस कुटाय? मी म्हणलं, तू मेंढरं बसव. पावसाचं मी बघते.
शाळेत परीक्षा चालूय, सराव १७ पर्यंत बंद. सरांना सांगितलं न्हाय. बघून गार पडू देत.

१४ फेब्रुवारी
दोन मुक्काम झाले. सरांची ती घोंगड्याएवढी हिरवळ पहिल्याच दिवशी गेली. मुळासकट. जुनं गेल्याबिगर नवं येत न्हाय.
येडूची वाघूर फाटलीय. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्यानं दोन्ही गोलांच्या जाळ्या सोडून त्या बांधल्या. जाळीला जाळी. उगी वाया कशाला.
गोलामधी एक मेंढी व्याली. पिल्लू अंगानं धडधाकट. आमच्या गोलात घुसलेलं हे पहिलंच म्हणायचं. शकुन चांगला.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
हिरवळ अजून न्हाय. सहा बादल्या पाणी मारलं. वास वाढला, बाकी काय न्हाय. आण्णा नाकाला टॉवेल लावून गेला. म्हणला, म्हाळसाबाई, स्टेडियम लई भारी हाय, सोलापूरपर्यंत कळंल.
पहिल्या प्रेक्षकाची शाबासकी.

१८ फेब्रुवारी
येडू पहाटे उठून गेला. सर सकाळी पोरींना घेऊन आले. बघितलं. मटकन खाली बसले. मग कशावर बसलो ते कळलं आणि उठले. मी म्हणलं, सर, नुसतं दिसतंय ते बघू नका, पुढचं बघा. सर म्हणाले, आज्जी, पुढचं परवा हाय.
वैष्णवी तिच्या गोलापुढं उभी राहिली. तिथल्या गवतावर ती झेप घ्यायला शिकली. आता नुसता मुरूम. कोपरावर हात फिरवला आणि खराटा आणायला गेली. सगळ्या पोरींनी खराटे आणले. मी गाडीवरनं देखरेख केली. दुपारनंतर मीबी झाडलं. दहा मिनटं. थोडं जास्तच असंल, कारण हात उचलत न्हाय.
लेंड्यांचे चार मोठे ढीग झाले, चार बाजूंना. प्रेक्षकांना बसायला चार स्टँड हवेच होते. वर पोती टाकायची.

२० फेब्रुवारी
साहेब आले. पांढरे बूट. एवढ्यावरनंच मला कळायला पायजे होतं.
रेघा बघितल्या, चांगल्या म्हणाले. परत बांधलेल्या गोलाच्या जाळीपाशी गेले. जाळीला एडक्याच्या शिंगानं भोक पाडलंय, साहेबांचं डोकं आत जाईल एवढं. घालून बघितलं न्हाय. मग ढिगापाशी थांबले. ढिगावर मी शेठचा बॅनर लावला होता, हात जोडलेला. साहेब म्हणाले, हे कोण? मी म्हणलं, गुंतवणूकदार. साहेब म्हणाले, आणि खाली? मी म्हणलं, स्टँड. बसा की.
बसले न्हाईत. रुमाल काढून तोंडाला लावला. माणूस भारावला की असं हुतं.
मग कागदावर लिहून सरांना दिलं. मॅच सोलापुरात.

२१ फेब्रुवारी
साहेबाला शेतीतलं कळत न्हाय.
तिघींच्या घरनं निरोप आला. पोरी सोलापूरला येणार न्हाईत. सर म्हणाले, आठजणी घेऊन गेलो तर नुसतं हसं हुईल, मॅच सोडून देऊ. वैष्णवीनं हातमोजे धुऊन दोरीवर टाकले. मी म्हणलं, पुढच्या साली हिरवळ बघ कशी येती. ती म्हणली, आज्जे, तू कशाला मधी पडलीस?
एवढंच. मोठ्यानं पण न्हाय. मोठ्यानं बोलली असती तर दोन शब्द मलाबी सुनावता आले असते.

२३ फेब्रुवारी
तिन्ही घरी गेले. मालकीण म्हणून.
पहिल्या घरी साहेबाचा दोष सांगितला. दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी येडूचा सांगितला. पाणीसुदीक विचारलं न्हाय. तिसरं घर रेश्माचं. तिची आई भाकऱ्या थापत होती. मी म्हणलं, मेंढरं मी बसवली. ती म्हणली, ते गावाला वासावरनं कळलंय, पुढं बोला. मी म्हणलं, पोरगी पाठव. ती म्हणली, अनोळखी शहर, गर्दी, टवाळ पोरं, कोण बघणार? मग माझ्याकडं बघतच राहिली. म्हणली, तुमी जाणार हाय का बरोबर? तुमच्या तोंडापुढं कोण टिकतंय? तुमी जात असला तर पाठवते.
मी म्हणलं, मालकीण तर जाणारच की. ती म्हणली, मालकीण-बिलकीण ठेवा हितंच. पोरी मोजून न्यायच्या, मोजून आणायच्या.
तिला घेऊन बाकीच्या दोन घरी परत गेले. तीच बोलली. मी नुसती उभी. दोघींनी व्हय म्हणलं, मला बघून. माझ्या तोंडाचा असा उपयोग हुईल वाटलं न्हवतं.

१ मार्च, रविवार
टेम्पोनं सोलापूर. पोरी अकरा. निघताना अकरा, टोलनाक्यावर अकरा, गेटावर अकरा.
गेटावर सरांनी सगळ्यांना गळ्यात घालायचे पास दिले. माझ्यावर लिहिलंय, पाणी. सर म्हणाले, आज्जी, मालक असा रकानाच न्हाय, प्रशिक्षक आणि पाणी एवढंच हाय. आत काचेची खोली न्हवती. होती ती आवाजाच्या मशिनीची.
जिंकलो. एक-शून्य. वैष्णवीनं शेवटी एक बॉल उजवीकडं झेपावून धरला. कोपर फुटलं. मी पाणी घेऊन पळाले, तिनं बाटली घेतली, अर्धी कोपरावर ओतली, अर्धी प्याली, बाटली परत दिली. मी ती परत भरून ठेवली.
मग फोटो. शंकरप्पा शेठ कुटनं उगवले देव जाणे, कपाला हात लावून मधोमध उभे. बॅनरसारखेच हसत होते. पोरींच्या पिशव्या कुणीतरी धरायला पायजेत, त्या मी धरल्या. अकरा.
त्याआधीच, गेटातनं आत शिरताना, पास उलटा करून घातला होता. कोरी बाजू वर. दिवसभर कुणी विचारलं न्हाय.