काकांच्या नळातला वायसर

धाराशिव,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८८३

तीर्थस्वरूप विष्णुपंतकाका यांच्या पायांवर पुतण्या मार्तंड याचं डोकं आणि दोन्ही हात. (हात रिठ्यानं धुतले आहेत. नखातला नळकामाचा सफेदा मात्र जात नाही, तेवढी क्षमा असावी.)

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडीत आपला दमा उचल खातो, तरी पहाटेचं गार पाण्याचं स्नान आपण सोडणार नाही, म्हणून सोडा असं लिहीत नाही. नंतर छातीला ओव्याचं तेल तेवढं चोळून घ्यावं. काकूची कंबर कशी आहे ते आपण लिहीत नाही आणि ती सांगत नाही. आपल्या लेकीचं, चंद्रप्रभेचं पत्र आलं. मोरीवरचा नळ महिनाभर ठिबकतो आहे, मी चौदा महिने तुळजापूरला फिरकलो नाही म्हणून आपला पारा चढला आहे, आणि येत्या सोमवारी आपण सोलापूरहून रेवणप्पा मिस्त्रीला बोलावलं आहे, असं ती लिहिते. रेवणप्पा माझा गुरू, त्याच्या हाताला मी काय नावं ठेवणार? पण तो नळ उघडण्याआधी मला आपल्याला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर नळ आपल्या घरात राहील का, आणि काकूला पुन्हा आडावर जावं लागेल का, या धास्तीनं दोन रात्री नीट झोप नाही. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

अडतिसाव्या वर्षी मी भिक्षुकी सोडून नळाचा पाना धरला तेव्हा आपण एकच वाक्य बोललात, "ज्या हातानं अभिषेक केला तो हात आता लोकांच्या मोऱ्यांत घालणार?" ते खरं होतं. पण काका, आपले यजमान भावंडांत वाटत वाटत माझ्यापर्यंत आले तेव्हा पाच घराणी उरली होती, त्यातलं एक निपुत्रिक आणि दोन वाट विसरलेली. गावोगाव नळ येणार, सरकारी इमारती उठणार, असं जो तो म्हणत होता. मला वाटलं, पाणी घालणं हा आपला पिढीजात धंदाच आहे, देवीवर घातलं काय आणि बादलीत घातलं काय! (हा विचार मला एस.टी.त सुचला, आणि एस.टी.त सुचलेल्या विचारावर माणसानं धंदा बदलू नये.)

सोलापुरात रेवणप्पानं मला पहिले दोन महिने नुसते आटे पाडायला लावले. लोखंडी नळीच्या तोंडाला फिरक्या कापायच्या, त्यांना अंबाडीचा धागा गुंडाळायचा, वर सफेदा चोपडायचा आणि मग जोड आवळायचा. एवढंच काम, पण माझे हात पळी-पंचपात्राला सवकलेले. दुकानातली पोरं मला भटजी म्हणायची. रेवणप्पा म्हणायचा, "स्वामी, पाण्याला मंत्र कळत न्हाय. त्याला फट कळती." असं शास्त्र मला आपल्या घरातसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं येरमाळ्याला बब्रुवानाच्या हाटेलात मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. बब्रुवान म्हणजे मोटारतळासमोर भजी तळणारा सज्जन माणूस. बब्रुवानाला कळलं की मिस्त्री तुळजापूरचा ब्राह्मण आहे. झालं! त्यानं आधी माझ्या पायावर डोकं ठेवलं, मग मोरी दाखवली. म्हणाला, "महाराज, तोटी बसवतायच तर जरा पूजा बी करा की. एका येण्यात दोन कामं." मी केली. (का केली? चौरंग, नारळ, विडे समोर मांडलेले पाहिले की माझं तोंड आपोआप सुरू होतं, त्याला मी काय करू?) एका हातानं जोड आवळत होतो आणि तोंडानं वरुणाला बोलावत होतो. त्या गडबडीत मी धागा गुंडाळायचाच विसरलो. तेवढ्यात यात्रेकरूंची मोटार आली, ड्रायव्हरनं हात धुवायला तोटी पिरगाळली, ती त्याच्या हातात आली, आणि पाण्याची धार थेट भज्यांच्या पिठात आणि तिथून गल्ल्यावर. वरुण आला तो असा आला. बब्रुवान रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो हात जोडून म्हणाला, "देवच पावला म्हनायचा, लई जोरात पावला!" पुन्हा बसवलेल्या तोटीला त्याच्या बायकोनं हळदकुंकू लावलं, ते इतकं मनापासून की पुढं महिनाभर त्या तोटीला कुणी हात लावीना. माणसं शेजारच्या आडावरून पाणी आणीत आणि माझ्या नळाला नमस्कार करून आत जात. माझं एकही काम इतकं टिकलेलं नाही.

असो. मी हे लिहून वेळ काढतो आहे, ते आपल्या ध्यानात आलंच असेल.

काकू आडाच्या पायरीवर घसरली आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळली, तेव्हा आपण मला निरोप धाडलात. आपली अट एकच होती. "नळात चामडं असतं म्हणतात. असेल तर दारातूनच परत जा. नसेल तर आईची शपथ घेऊन तसं सांग." मी रबराचा वायसर आणला होता. (वायसर म्हणजे तोटीच्या पोटातली ती चकती, जी दाबली की पाणी थांबतं. बाकी सगळा नळ हा तिचा थाटमाट.) पण माझ्या हाताचा जोर जास्त पडला आणि रबर चिरडलं. दुसरं जवळ नव्हतं, सोलापूरची मोटार निघून गेलेली, नळ भळाभळा वाहतो आहे, आणि एक हात कमरेवर ठेवून काकू कळशी घेऊन उभी. मी पिशवीतला चामड्याचा तुकडा काढला, कापला आणि घातला. पाणी थांबलं. आपण संध्येहून उठून आलात आणि विचारलंत. मी आईची शपथ घेतली.

त्या दिवशी, मी पाना धरल्यापासून दोन वर्षांनी प्रथमच, आपण माझ्यासाठी आपल्या शेजारी पाट मांडायला सांगितलात. स्वतःच्या हातानं तूप वाढलंत. काका, तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही तो अजून उतरलेला नाही. चौदा महिने मी आलो नाही, ते ताठ्यानं नाही. आपल्या नजरेला नजर देववत नव्हती, आणि देऊळ तर आपल्या घरापासून चाळीस पावलांवर. मला माफ केलं नाहीत तरी चालेल, पण हे ऐकून घ्या. मला याचं फार वाईट वाटतं, आणि रोज वाटतं.

काकूला नमस्कार, चि. चंद्रप्रभेला आशीर्वाद. चुकलेल्याच्या डोक्यावरचा हात आपण काढून घेणार नाही, एवढ्या आशेवर पत्र संपवतो.

आपला अपराधी,
मार्तंड

ता. क. : नळ मात्र उपटू नये. जी काय शिक्षा द्यायची ती मला द्यावी, काकूच्या कमरेला नको. आणि रागावणार नसाल तर एक विचारतो. देवीपुढं रोज संबळ वाजतो, त्याच्या तोंडाला काय पितळेचा पत्रा लावतात?

दुसरा ता. क., हा फक्त चंद्रप्रभेसाठी : बाळ, काकांना पत्र वाचून दाखवण्याआधी तू ते स्वतः वाचून काढतेस, म्हणून इथं लिहितो. वरचं पुन्हा वाचलं, आणि ते सगळं काकांच्या कानावर जायला नको. बब्रुवानाच्या भज्यांपर्यंत खुशाल वाच, काकांना हसू आलं तर येऊ दे. सुरुवातीचं 'पण तो नळ उघडण्याआधी' पासून 'लांबून सुरुवात करतो' पर्यंत तेवढं गाळ. मग 'असो' पासून ते 'रोज वाटतं' पर्यंत सगळं सोड, थेट नमस्कारावर ये. खाली 'अपराधी' लिहिलं आहे तिथं 'आज्ञाधारक' म्हण. पहिला ता. क. सगळाच सोड, संबळाचं तर चुकूनही वाचू नकोस! फाडून दुसरं पत्र लिहिता आलं असतं, पण एकदा खरं लिहिलेलं फाडायला हात धजत नाही. ते तुझ्याजवळ राहू दे.

आता खरं काम. रेवणप्पा तोंडाचा सरळ आहे. तो तोटी उघडेल, झिजलेला वायसर काकांच्या नाकासमोर धरेल आणि म्हणेल, "चामडं गेलंय, अज्जा." त्याला मी कळवलं आहे की सोमवारी येऊ नकोस. रविवारी दुपारी काका कीर्तनाला गेले की मागचं दार उघडं ठेव, मी येतो. सोलापूरहून खरे रबराचे तीन वायसर आणले आहेत. अर्ध्या घटकेचं काम आहे.

तू लिहिलंस की नळ आल्यापासूनसुद्धा आई सगळ्यांच्या आधी उठून आडावरून दोन घागरी आणते, देवाची आणि काकांच्या पिण्याची, आणि विचारलं तर सवय आहे म्हणते. त्या दिवशी चामड्याची कातरण मोरीवर पडली होती. काकूनं ती केरसुणीनं केरात लोटली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मार्तंडा, हात धू, भाकरी खाऊन घे." मला वाटलं, तिला कळलं नाही.

रविवारी नळ नीट झाला की तिला सांग, आता रबर आहे. ती विचारणार नाही. तरी सांग.