एका सुईपाशी अडलेली डाळमिल

लोहारा, मंगळवार संध्याकाळ

आजही माझ्या मिलमध्ये भरलेल्या गोण्यांचा ढीग शिलाई मशीनपाशीच अडला. मिल कितीही जोरात चालवा, त्या एका सुईतून जाईल तेवढीच डाळ बाहेर पडते. मुकादम देवराव आठवडाभर एकच सांगतोय, शेवंता हळू शिवते, तिला काढा. त्याला एवढी घाई का?

मी शेवंतालाच विचारलं. "मी काय करू बाई? दोराच तुटून राह्यला."

देवराव हसला. "हिचाच कसा तुटते? माह्या साळीले बसवून पाहा न."

साळी, बायकोची बहीण! म्हणजे तिच्यासाठी जागा आधीच ठरलेली.

मग मीच मशीनवर बसले. दुसऱ्याच गोणीला दोरा तुटला. पाहते तर दोरा नेहमीचा नाही, ब्लाउज शिवावा इतका बारीक. दोरा आणतो देवराव. बाजारात हाच मिळाला म्हणे. की मुद्दाम आणला? सिद्ध करता येणार नाही, पण मला शंका आहे.

उद्या जाड दोरा मी स्वतः आणेन. शेवंताला काढणार नाही, जाड दोऱ्याने तीच शिवेल. त्याआधी हा बारीक दोरा संपेपर्यंत मात्र गोण्या देवरावच शिवेल, सगळ्यांसमोर.