मराठा खंदक, पाने बासष्ट

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार. पाडवा.
नवी वही. निवृत्तीनंतरची तीन वर्षं वाया गेली, त्यात माझा दोष नाही. संधी नव्हती. आता आहे. विद्यापीठाने बाहेरच्या नागरिकांसाठी हिवाळी सदस्यत्व काढलंय. एका कार्डावर सगळं. सकाळी साडेसहाला योग, मंगळवारी मातीकाम, गॅलरीत चित्रप्रदर्शनं, दर गुरुवारी व्याख्यान. आणि जानेवारीत, मोठ्या सभागृहात, 'सदस्याचं व्याख्यान'. एकच सदस्य. निवड समन्वयक करणार.

तो सदस्य कोण, हे उघड आहे. विषय : मराठा खंदक. बंगालात धुमाकूळ घालणारे मराठे इथेही चाल करून येतील या भीतीने कलकत्तेकरांनी १७४२ च्या सुमारास बागबाजारपासून खणायला घेतलेला. मराठे आले नाहीत, खंदक पुरा झाला नाही. पस्तीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केली, पण हा विषय मनात जपला. कोलकात्यात यावर अधिकाराने बोलणारा मराठी माणूस एकच.

वृंदाने ओवाळलं. ताटात तिच्यासाठी जोडीदाराचं कार्ड घातलं. माझ्या कार्डाबरोबर ते फुकटच मिळतं, पण पाकीट चांगलं घेतलं. ती म्हणाली, मला काय करायचंय तिथे? म्हटलं, माझ्या व्याख्यानाला पुढच्या रांगेत कोण बसणार?

५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ९.१०
संकल्प : रोज पाचला उठणे. घराजवळून, बेहालाहून साडेपाचची बस. योग.
आत्ता उठलो. गजर वृंदाच्या बाजूला ठेवल्यामुळे तिला जाग आली, मला नाही. ती गेलीसुद्धा. निदान नवऱ्याला हलवायचं. म्हणते, तीनदा हलवलं. पुरावा नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
समन्वयक सुचित्रा लाहिरी यांना पत्र पाठवलं. संदर्भ क्रमांक, विषय, सोबत बायोडेटा (चार पानं). कामं कागदावर व्हावीत. बँकेत मी एकही गोष्ट तोंडी मंजूर केली नाही. स्वतःची रजासुद्धा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
व्याख्यान : विष्णुपूरची मातीची मंदिरं. ठीक. प्रश्नोत्तरात मी एकच प्रश्न विचारला. वृंदा म्हणते, अकरा मिनिटं चालला. वक्ते निरुत्तर झाले. अध्यक्षांनी माझे आभार मानून तिथेच सभा संपवली. सुचित्रा लाहिरी समोर होत्या. नोंद घेतली असणार.

नंतर सगळी मंडळी, वक्त्यांसकट, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. बाकांवर बसून अड्डा, म्हणजे गप्पा. दीड तास! मलाही बोलावलं. म्हटलं, घाई आहे. (घाई नव्हती. तत्त्व होतं.) वृंदा थांबली. मी एकटा बसने घरी. गार वरण.

२५ नोव्हेंबर, सोमवार
उत्तर नाही. वृंदा म्हणते, सुचित्रादी विचारत होत्या, दाबकेबाबू कुठे असतात, चहाला या म्हणावं, तिथेच बोलू. 'सुचित्रादी'! तीन आठवड्यांत दी, म्हणजे ताई, झाल्या. म्हणजे टपरीवर जाऊन वशिला लावायचा. मी नाही त्यातला.
स्मरणपत्र क्र. १ पाठवलं.

३ डिसेंबर, मंगळवार
योगाला गेलो. नोंद करण्यासारखा दिवस. शिक्षक अर्णव, चांगला माणूस, पण मला काकू म्हणतो. बंगालीत काकाला काकू म्हणतात. तीस वर्षं झाली, अजून दचकतो.
शवासन मला इतकं साधलं की बाकीचे उठून गाद्या गुंडाळून गेले तरी मी त्याच अवस्थेत. अर्णव म्हणाला, असं शवासन मी कुणाचं पाहिलं नाही. वृंदा म्हणाली, घोरत होतात. तिला दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही.
गुडघा दुखतोय. उद्यापासून विश्रांती.

१२ डिसेंबर, गुरुवार
व्याख्यान लिहून पुरं. पानं बासष्ट. वेळ पंचेचाळीस मिनिटं आहे, पण श्रोते वाढवून मागतील. आरशासमोर सराव. वृंदा मधेच काहीतरी सांगायला आली. बोट वर करून थांबवलं. लय तुटते.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळात अशोकराव भेटले. मंडळाचे सचिव. गोष्ट गावभर करायची असेल तर त्यांना 'कुणाला बोलू नका' म्हणून सांगावी. सांगितली. व्याख्यान जवळजवळ नक्की आहे म्हटलं. घरी पोचेपर्यंत ग्रुपवर अभिनंदन. सदतीस अंगठे, तीन पुष्पगुच्छ. 'जवळजवळ' हा शब्द अशोकरावांनी गाळला. मी दुरुस्ती टाकली नाही. उगाच त्यांना कमीपणा.

२० डिसेंबर, शुक्रवार
स्मरणपत्र क्र. २ रजिस्टर्ड पाठवलं होतं. आज पोचपावती आली! सही ठळक. नकार द्यायचा असता तर इतकी ठळक सही केली नसती. वृंदाला दाखवली. म्हणाली, ही ऑफिसातल्या शिपायाची सही आहे, मी त्याला ओळखते. शिपायापर्यंत ओळख! हे सगळं त्या चहाचं.
तरी बरं वाटलं. हालचाल सुरू झाली.

२८ डिसेंबर, शनिवार
वृंदाचं काहीतरी चाललंय. फोनवर बंगालीत हसते. एकटीच पुटपुटते. एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन नवी ताँतची, बंगाली सुती साडी आणली. चैत्राली (आमची मुलगी, बंगळूरला असते, एरवी बोलावून येत नाही) अचानक जानेवारीत येतेय.
दुपारी झोपल्या झोपल्या सगळं जुळलं. व्याख्यानानंतर माझा सत्कार! शाल, श्रीफळ, मुलीचे चार शब्द. किती साधी बाई आहे, लपवताही येत नाही.
संध्याकाळी म्हणाली, अहो, सोळा तारखेबद्दल बोलायचंय. मी डोळे मिचकावले आणि भाजी आणायला निघून गेलो. तिच्या आनंदावर विरजण कशाला घाला.

६ जानेवारी २०२५, सोमवार. दुपारी ३
अशोकरावांनी ग्रुपवर पोस्टर टाकलं. सोळा जानेवारी, सदस्याचं व्याख्यान. विषय : 'बागबाजारातले बर्गी भाडेकरू'. बर्गी म्हणजे आपणच, मराठे. इथले लोक अजून आपल्याला तेच म्हणतात.
वक्त्या : वृंदा दाबके.
खाली अशोकरावांचा मजकूर : घरातलं दुसरं व्याख्यान कधी?

संध्याकाळी ५.३०
जाब विचारला. म्हणाली, तीनदा सांगायला आले. एकदा तुम्ही बोट वर केलंत, एकदा डोळे मिचकावलेत. तिसऱ्यांदा तुम्ही झोपला होतात, ते मी धरत नाही. म्हणे, तिने टपरीवर माझं नाव दोनदा काढलं होतं. सुचित्रा लाहिरी म्हणाल्या, पत्रं सुंदर आहेत, पण हे गृहस्थ बोलणार काय ते पत्रांतून कळत नाही, एकदा येऊन नुसते बसले तर कळेल. मी बसलो नाही. मग ओघात वृंदाने आमच्या बागबाजारच्या जुन्या घरमालकिणीचा काही किस्सा सांगितला आणि सगळे म्हणाले, हेच तर व्याख्यान.
हेच! चहा पिताना! ना अर्ज, ना बायोडेटा.
मराठे माझे, खंदक माझा, बागबाजार माझं. पाडव्याला कार्ड मी दिलं. असा दगा शत्रूनेही दिला नसता.

७ जानेवारी, मंगळवार
असहकार. बोलणं बंद. जेवण घेतो, पण चव घेत नाही. (आज वांग्याची भाजी होती. अपवाद.)
चैत्रालीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मी तर कधीच टिकीट कापलंय, आईचं लेक्चर शुनायला. इथे वाढलेल्या मुलांचं मराठी असं. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, नोव्हेंबरपासून. ती, अर्णव, शिपाई, सगळ्यांना माहीत. मंडळातल्या सदतीस लोकांना आता माझी कीव येत असणार.
वाईट वाटतंय. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. कुणीतरी पंचेचाळीस मिनिटं माझं ऐकावं, एवढंच हवं होतं.

१२ जानेवारी, रविवार
योजना. व्याख्यानाला जायचं. पहिल्या रांगेत बसायचं. प्रश्नोत्तरापर्यंत न थांबता, चूक झाली की तिथल्या तिथे उठायचं. वृंदाच्या अकरा चुका काढून ठेवल्या आहेत. ती काय बोलणार माहीत नाही, पण चुका याच असणार.

१६ जानेवारी, गुरुवार. रात्री ९
सभागृह भरलेलं. मंडळही आलं होतं. वृंदा कागदाशिवाय उभी राहिली, बंगालीत बोलली. मला सगळं समजलं. हसायला जरा उशीर होत होता, इतकंच.

त्र्याण्णव सालापासून तिने सुरुवात केली. बागबाजारची दोन खोल्यांची जागा, खाली घरमालकीण घोषालदीदा (दीदा म्हणजे आजी). वरचे भाडेकरू मराठी आहेत हे कळल्यावर म्हाताऱ्या बाईंनी तांदळाच्या डब्याला कुलूप लावलं, आणि कुलूप लावलंय हे सांगायला जिना चढून आल्या. बर्गी आले म्हणून. थट्टा होती. वृंदा म्हणाली, मला थट्टा कळली नाही, कारण भाषाच कळत नव्हती. नवरा आठला यायचा. तोवर मी दाराला कडी लावून रडायचे.
हे मला माहीत नव्हतं.

मग म्हणाली, माझ्या नवऱ्याला भाषा समजली, थट्टा नाही. त्याने घोषालदीदांना पत्र लिहिलं. संदर्भ क्रमांक घालून. विषय : सन १७४२ च्या उपद्रवाबाबत दिलगिरी. 'आमच्या लोकांकडून आपल्या प्रांतास जो त्रास झाला त्याबद्दल खाली सही करणार मनःपूर्वक क्षमा मागतो. यापुढे असे होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल.'

सभागृह हसून हसून वाकलं. मी हसलो नाही. मी असं पत्र लिहिलं होतं? लिहिलं होतं. आठवलं. वाक्यंसुद्धा माझीच. पुढचं मात्र मला कधी कळलं नव्हतं. घोषालदीदांनी ते पत्र देवघरात देवांशेजारी ठेवलं, वृंदाला खाली बोलावलं, कुलपाची किल्ली तिच्या हातात दिली आणि रोज दुपारी समोर बसवून बंगाली शिकवली. त्या पत्रामुळे मी या शहरात राहू शकले, असं ती म्हणाली.

नेमका तेव्हाच मी पहिली चूक सांगायला उभा होतो. पत्रवाला तो हाच, हे लोकांनी ओळखलं. टाळ्या. थांबेनात. चुकांचा कागद खिशात घातला, हात जोडले. डोळे भरून आले. इतक्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या, आणि मिळाल्या त्या बायकोच्या व्याख्यानात.

नंतर टपरीवर ओढून नेलं. सुचित्रा लाहिरींनी विचारलं, दाबकेबाबू, हे तुम्ही तुमच्या पत्रांत का नाही कळवलंत?
म्हटलं, विषयाशी संबंधित नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ४
चैत्राली सकाळच्या विमानाने गेली. घर शांत. वृंदा आपणहून म्हणाली, आता तुमचं वाचा, मी ऐकते. समोरच्या खुर्चीत बसली, पंखा बंद केला, फोन आत ठेवून आली.

उभा राहून वाचायला लागलो. पहिल्या तीन पानांवर प्रास्ताविक. चौथ्यावर प्रास्ताविकाचा हेतू. सातव्या पानावर जांभई आली. मला. वृंदा सरळ बसून ऐकत होती. नवव्या पानावर खंदक खणायला अजून कुणी कुदळही उचलली नव्हती. पुढे कुठे एखादा माणूस काही बोलतो का, म्हणून पानं चाळली. बासष्ट पानांत कुणीच बोलत नाही.

चष्मा काढला. म्हटलं, नंबर बदललाय बहुतेक, अक्षरं दिसत नाहीत.
वृंदा म्हणाली, मग कागद ठेवा आणि नुसतं सांगा.
कागद ठेवले. ती वाट बघत बसली. जरा वेळाने उठून दुधाखालचा गॅस बंद करून आली, पुन्हा बसली. मला अजून सुरुवात सापडली नव्हती.