दादा, मी बँडसॉ घेतला

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप जयरामदादा यांस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेल, सगुणावहिनींची दाढ एकदाची काढून झाली असेल आणि नामपूरच्या मार्केटात कांद्याला चारचौघांत सांगण्यासारखा भाव मिळाला असेल, अशी आशा करते. (शेवटचं तुला पटणार नाही, पण पत्राच्या सुरुवातीला चांगलंच बोलावं.) आम्ही दोघं मजेत आहोत. तुझे मेव्हणे शेखरराव रोज सकाळी फिरायला जातात आणि तिथे भेटलेल्या माणसांचे आजार घरी येऊन मला सांगतात. त्यातला एखादा दुपारपर्यंत त्यांनाही होतो, पण जेवणानंतर बरा होतो.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला मध्येच थांबवून नाशकात पाऊस किती झाला ते विचारतोस आणि माझा मुद्दा राहून जातो. कागदाला थांबवता येत नाही. तर मुद्दा असा, की मी बँडसॉ घेतला. सॉ मिलमध्ये ओंडके कापायला पट्ट्याचं मोठं यंत्र असतं ना, वर एक चाक, खाली एक चाक आणि त्यांच्यावरून गोल फिरणारं करवतीचं पातं, त्याचंच धाकटं भावंड. तुझ्याकडे काही मागण्यासाठी हे लिहीत नाही, तेव्हा निवांत वाच.

शाळेत मी कार्यानुभव शिकवायची. मुलं लाकडाची खुंटी करायची, मी तिला खुंटी म्हणून गुण द्यायची. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. आम्हाला गाडी नाही, पण गाडीची पार्किंगची जागा आहे, तिथे यांची स्कूटर एका कडेला लावून मी माझं टेबल मांडलं. पहिला पोळपाट बटाट्याच्या आकाराचा झाला (तो तुझ्याकडे दिला आहे, वहिनींनी वाईट वाटून घेऊ नये). पुढचे मात्र गोल आले आणि बघता बघता आमच्या सोसायटीत घरोघरी माझा पोळपाट गेला. मग नात आरोहीने डोलणारा घोडा मागितला. घोड्याला जाड लाकूड लागतं आणि त्यात सगळीकडे वळणं. माझ्या हातातल्या छोट्या मशीनचं पातं जाड लाकडात वाकायचं. वरून पाहिलं तर घोडा निघाला होता आणि खालून पाहिलं तर म्हैस. तेव्हाच ठरवलं, की आता बँडसॉ.

इथल्या द्वारका चौकाकडच्या एका मशिनरीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मी विचारलं, किती जाड लाकूड कापतं? दुकानदाराने उत्तर यांना दिलं. मी विचारलं, अरुंद पातं बसतं का, मला वळणं कापायची आहेत. तेही त्याने यांनाच समजावलं. आणि हे, ज्यांना घरातला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की सैल होतो ते अजून ठाऊक नाही, ते गंभीरपणे मान हलवत होते. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, यात निळा पण रंग येतो." मी मेथीच्या पिशवीतून आंब्याच्या लाकडाचा ठोकळा काढला आणि त्याच्या त्या टेबलावरच्या सुबक यंत्रात सरकवायला गेले. तो पात्यापर्यंत पोचलाच नाही, वरच्या दांडीलाच अडला. दुकानदार म्हणाला, ठोकळा जाड आहे. मी म्हटलं, घोडा पण जाडच असतो. मेथी मात्र त्याच्या काउंटरवर सांडली, ती यांनी वेचली.

घरी येऊन बरेच व्हिडिओ पाहिले. त्यात सगळे लोक एकच सांगत होते, की छोटा घेऊ नका, पुढे पस्तावाल. मग आमच्या इलेक्ट्रिशियनने, रवीने, सांगितलं, की पंचवटीत कुसाबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या नवऱ्याचं जुनं, ओतीव बीडाचं असंच यंत्र पडून आहे. पडून कसलं, त्याच्या टेबलावर टीव्ही ठेवलेला होता. यजमान देव्हारे करायचे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. कुसाबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"काय करणार ह्याचं?"

"नातीला घोडा."

"देव्हारे नाही ना करणार? मग न्या. मी जन्मभर देव्हाऱ्यांचा भुसा झाडला. फक्त माझी मालिका लागायच्या आत टीव्ही भिंतीला लावून द्या."

टीव्ही लागला, पण यंत्र दारातून निघेना. यंत्र आत आल्यानंतर यजमानांनी दाराला नवी चौकट बसवली होती, अगदी सुंदर आणि अगदी अरुंद. चाकं काढावी लागली. नटबोल्ट यांनी रुमालात धरले. मग तो सांगाडा हातगाडीवर उभा करून बांधला आणि धूळ नको म्हणून कुसाबाईंनी वर आपली जुनी भगवी चादर घातली. इथेच घोळ झाला. पंचवटीतल्या त्या गल्लीतून भगव्या चादरीतलं काहीतरी उंच, हळूहळू चाललेलं, पुढे पांढऱ्या सदऱ्यात शेखरराव "जागा द्या, जागा द्या" म्हणताहेत. रिक्षा थांबल्या. भाजीवाल्या बायकांनी हात जोडले. एकीने जास्वंदीचं फूल वाहिलं आणि यांच्यापुढे ओंजळ धरली. नाही कसं म्हणायचं, म्हणून यांनी खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या वाटल्या. गल्ली संपेपर्यंत पाकीट संपलं. कुणाची भक्ती मोडायची नाही, म्हणून मी मागून चादर गच्च धरून चालले होते.

घरी आणून चाकं चढवली, त्यांच्यावरचं झिजलेलं रबर बदललं, नवं पातं मागवलं. हे पातं वेटोळं करून तारेने बांधलेलं येतं. माझी वाट न बघता यांनी दिवाणखान्यात तार कापली. पातं फणकाऱ्याने उसळून मोकळं झालं आणि हे सोफ्यावर चढले. मी आले तेव्हा पातं जमिनीवर शांत पडलं होतं आणि हे वरून मला सांगत होते, की जवळ जाऊ नकोस, दम खातंय.

मग रवी आला. मोटर बघून म्हणाला, "काकू, ही थ्री फेजची. तुमच्याकडे सिंगल." त्याने कुठूनशी दुसरी मोटर आणून तात्पुरती जोडून दिली. दादा, मी बटण दाबलं आणि आंब्याचा तो ठोकळा पुढे सरकवला. वळण आलं तसं लाकूड वळवलं, पातं माझ्या पेन्सिलीच्या रेघेवरून चालत राहिलं. तुकडा हातात आला तो मी उलटा करून पाहिला, परत सुलटा करून पाहिला. वरची कड आणि खालची कड एकच. घोड्याची मान होती ती. इतकी वर्षं मुलांच्या वाकड्या खुंट्या तपासल्या, पण माझ्या हातून इतकं नीट काही निघेल असं वाटलं नव्हतं. यांनाही दाखवला. यांनी एकदा बघितला, मग चष्मा पुसून दुसऱ्यांदा बघितला.

दुसरा तुकडा लावला आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. लिफ्टमध्ये सोसायटीचे चेअरमन महेश होते. दोन मजल्यांच्या मध्ये.

काल रविवारी मीटिंग झाली. विषय एकच, मी. पार्किंग ही गाड्यांसाठी आहे, भुशाने खोकला होतो (खोकल्याच्या गोळ्या संपल्यामुळे यांना काही करता आलं नाही) आणि थ्री फेजची जोडणी सोसायटी देणार नाही. मी उभी राहून बोलले, पण मला तिथे शाळेतल्यासारखा आवाज लागला आणि लोक आणखीनच बिथरले. यंत्र हलवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर जे हात वर गेले, ते सगळे माझ्या पोळपाटावरच्या पोळ्या खाणारे. मी पोळपाट परत मागितले नाहीत. यांनी मात्र हात वर केला नाही, उलट दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात मला ते इतके आवडलेले थोडेच प्रसंग असतील.

असो. बाकी सर्व कुशल. वहिनींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी धाकटी बहीण,
शकू

ता. क. तुझ्या पिठाच्या गिरणीला थ्री फेज आहे, हे मला काल जेवताना आठवलं. गिरणीशेजारची ती खोली, जिथे फुटक्या टोपल्या आणि बिनहँडलची सायकल आहे, तिचं तुम्ही सध्या काय करता? सहज विचारते.

ता. क. २. सहज नाही विचारत. आप्पांच्या मागे मी हक्कसोडीच्या कागदावर सही केली तेव्हा तू मला पैठणी नेसवलीस आणि म्हणालास, शकू, कधी काही लागलं तर सांग. मला आजवर काही लागलं नाही. आता एक खोली लागते. नावावर नको, वापरायला. महिन्यातले आठ दिवस येईन, भुसा मीच झाडीन, विजेचं बिल मीच भरीन. आणि तो बटाट्यासारखा पोळपाट बदलून देईन.

ता. क. ३. ही ओळ सटाण्याला चहासाठी थांबलोय तिथे लिहिते आहे. पत्र पोस्टात टाकलेलं नाही. ते तुझ्या हातात देणारा माणूस दत्तू, टेम्पोचा ड्रायव्हर. दारात उभा आहे तो त्याचा टेम्पो आणि भगव्या चादरीत आहे तो देव नाही. मी पुढच्या सीटवर बसले आहे. आत आले असते, पण वहिनी आधी पाणी देतील, मग चहा, मग जेवायला बसवतील, आणि तुमचं खाऊन झाल्यावर मला मागता येणार नाही. म्हणून तू आधी बाहेर येऊन हो किंवा नाही ते सांग. नाही म्हणालास तरी मी जेवून जाईन. फक्त लवकर ये, कारण शेखरराव मागे यंत्राला धरून उन्हात बसले आहेत.