कागद फाटलाय तिथे थांबायचं

बाई, वर्गात मी तुम्हाला सगळ्यांसारखं ‘मॅम’ म्हणायचे, पण घरी तुमचा विषय निघाला की तुम्ही ‘लॅटिनच्या बाई’. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मराठीचा तर तुम्हाला गंधही नव्हता, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते. गेल्या हिवाळ्यात माझ्या आईला स्ट्रोक झाला. हातपाय वाचले, वाचा अडकली. तिला समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. एक शब्द येतो, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. बाबा आता नाहीत, म्हणून हॉस्पिटलमधून ती माझ्याकडे चँडलरला आली, आणि पुढे तिनं कुठे राहायचं, माझ्याकडे की शुगर लँडला भावाकडे, हे ठरवायचं होतं. ठरवणार अर्थातच आम्ही दोघं भावंडं. मला ती माझ्याकडेच हवी होती, अगदी हट्टानं हवी होती. त्या दिवसांत मला सारखी तुमची आठवण यायची.

पुण्याहून इकडे आल्यावर श्रूजबरीच्या शाळेत माझं नाव घालताना बाबांनी लॅटिन निवडलं ते काही कवितेच्या ओढीनं नव्हे. पुण्यात संस्कृत घेतात ते ‘स्कोअरिंग’ म्हणून. इथे संस्कृत नाही, मग तिची ही लांबची बहीण. “रूपं पाठ कर, पैकीच्या पैकी मिळतील,” बाबा म्हणाले. मी केली. सगळी नामं न अडखळता चालवून दाखवली. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, “उत्तम” म्हणालात आणि विचारलंत, “आता सांग, या ओळींत बोलतंय कोण?” मला प्रश्नच कळला नाही. असले प्रश्न आमच्याकडे परीक्षेला येत नसत.

पाठ्यपुस्तकात बोलत होते ते सेनापती, वक्ते आणि कवी, सगळे पुरुष. बायका शुक्रवारी यायच्या. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या वर्गात आम्ही चारपाच जण डबे घेऊन बसायचो, तुमच्या एका हातात ट्यूना सँडविच आणि दुसऱ्या हातात खडू. तिथे मला भेटली ती रोमन बाई, जिच्या मोजक्या प्रेमकविता शतकानुशतकं एका पुरुषाच्या पुस्तकात छापल्या जात होत्या. एवढं धीटपणे कुणी बाई लिहील, यावर विद्वानांचा विश्वासच बसत नव्हता म्हणे. तिथेच भेटली ती, जी सम्राटाच्या लवाजम्यातून इजिप्तला गेली आणि एका अजस्र पुतळ्याच्या पायावर आपल्या ग्रीक ओळी कोरून आली. “कुणाची परवानगी घेतली असेल?” मी विचारलं. “सम्राट शेजारीच उभा होता,” तुम्ही म्हणालात, “पण मला विचारशील तर तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नसेल.” हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा की पुतळ्यावर तुमच्याच मावशीनं नाव कोरलंय असं वाटावं. कुणावर इतका मनापासून जीव टाकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि तुमची ती वाचायची पद्धत. अशा बायकांच्या कितीतरी कविता पपायरसच्या फाटक्या, जुन्या कागदांवर मिळालेल्या, कुठे अर्धी ओळ, कुठे नुसताच एक शब्द. छापील पुस्तकात अशा जागी कंस असतात आणि लोक ते ओलांडून पुढे जातात. तुम्ही थांबायचात. जेवढी ओळ गेली असेल तेवढा वेळ, पानावर नजर ठेवून, गप्प. पहिल्यांदा आम्ही फिदीफिदी हसलो. तुम्ही आमचं हसू संपू दिलंत आणि पुढचा शब्द वाचलात.

एका कोवळ्या वयाच्या ग्रीक मुलीची कविता होती, लग्न होऊन लगेच वारलेल्या मैत्रिणीसाठी लिहिलेली. त्यात कासवाचा खेळ आहे, बाहुल्या आहेत, आई आहे, आणि मध्येमध्ये कागदच नाही. माझी पुण्याची जिवलग मैत्रीण तेव्हा ईमेलला उत्तर देईनाशी झाली होती. तुम्ही दिलेल्या शब्दार्थांवरून भाषांतर करताना मी कवितेतल्या सगळ्या फटी भरून टाकल्या. सागरगोटे घातले, गच्चीवरची भातुकली घातली, आमचं भांडणसुद्धा घातलं. वाटलं, बाई खूश होतील. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात. “छान लिहिलंयस, पण ही तुझी मैत्रीण आहे. तिच्यावर तू तुझी कविता लिही. या मुलीची वाक्यं इतकी शतकं लोक पुरी करत आलेत, आपण तरी नको.” मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला एक कागद दिलात. त्यावर तुमच्या हातचं, ग्रीक लिपीत, माझ्या मैत्रिणीचं नाव होतं.

तुम्ही एकदा घरी जेवायला आलात ते आठवतं? आई थालीपिठं लावत होती आणि तुम्ही ओट्याला टेकून, तिला ऐकवायचीच म्हणून, तीच कविता ग्रीकमध्ये म्हणू लागलात. पहिली फट आली, तुम्ही थांबलात. आई कालथा हातात धरून बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, “अगं, विसरल्या वाटतं त्या. पाणी दे त्यांना.” मी पाणी आणलं. तुम्ही प्यायलात आणि पुढच्या फटीला पुन्हा थांबलात! मग मी आईला सगळं समजावलं, की असे कागद इजिप्तमधल्या जुन्या उकिरड्यांत सापडतात, फाटलेले. “बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात,” आई म्हणाली, “हिला जरा जास्तच वेळ लागला.” मी भाषांतर केल्यावर तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि तिसरं थालीपीठ मागून घेतलंत.

आता चँडलरचं ऐका. दर रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. “आई, इकडे यायचंय ना तुला? मुलं वाट बघतायत.” आई म्हणायची, “मी…” की लगेच भाऊ, “हो हो, कळलं, मी तिकिटं बुक करतो.” मग मी, “थांब ना यार, बोलू दे की तिला!” त्याची धाकटी मागून ओरडायची, “Aaji wants ice cream!” सगळेच तिचं वाक्य पुरं करायचे, प्रेमानंच करायचे. थेरपिस्टनं सांगितलं होतं, तिला वेळ द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण वेळ देणं म्हणजे काय, हे माझ्या आयुष्यात फक्त तुम्ही करून दाखवलं होतंत.

उन्हाळा लागल्यावर एका दुपारी नवरा त्याच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, मी लॅपटॉप मिटला आणि आईसमोर बसले. विचारलं, “आई, तुला कुठे राहायचंय?” आणि गप्प बसले. बाहेर ऊन रणरणत होतं, एसी घुमत होता. आई म्हणाली, “मला…” मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “तुझ्याकडे…” बाई, तेव्हा माझा जीव इतका हरखला की हिला इथेच मिठी मारावी आणि वाक्य संपलं म्हणावं. अजून काही येणार होतं हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. मी हात मांडीखाली दाबून धरले. मग आलं, “नको.” मग पुष्कळ वेळानं, “तू… फार… शांत.” आणि शेवटी, अगदी सुटल्यासारखी हसून, “तिकडे… गडबड… आहे.”

मला लागलं. फार लागलं. तिच्यासाठी मी घरात चिडीचूप शांतता राखली होती, मिक्सरसुद्धा ती झोपेतून उठल्यावर लावायचे, आणि तिला हवा होता भावाकडचा गोंधळ, त्यांचा कुत्रा, क्रिकेटची कॉमेंटरी, तिच्या आधी बोलणारी नातवंडं. यातलं काहीच मी तिच्या वतीनं लिहिलं नसतं. मीच नव्हे, आमच्यापैकी कुणीच नाही, कारण भावाला वाटत होतं की ती मुलांसाठी येईल, आणि ती तर आवाजासाठी निघाली होती. त्या बायकांच्या ओळींपुढे तुम्ही इतक्या आदरानं का थांबायचात हे मला त्या दुपारी कळलं. पुढचा शब्द आपल्याला हवा तोच असेल असं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात मी तिला शुगर लँडला पोचवून आले. ती तिथे मजेत आहे. हे पत्र मी कुठेच पाठवणार नाही, तेव्हा एक सांगून टाकते. परवा फोनवर ती म्हणाली, “मला… आज…” मागे नातवंडांचा कल्ला चालला होता, आणि मला राहवलं नाही. मी म्हणून टाकलं, “माझी आठवण आली?” ती म्हणाली, “नाही… भजी,” आणि खदखदून हसत सुटली, तिच्याबरोबर मीही. बाई, मला फार बरं वाटलं.